सगळं उचल

आषाढ लागला की महाडच्या बाजारपेठेत एकच क्रियापद चालतं. उचलणे. टाकळ्याच्या जुड्या रचता रचता भाजीवाली शेजारच्या चपलांच्या दुकानाकडे मान वळवून विचारते, उचललं का? औषधांच्या दुकानात सुटे पैसे परत देताना मालक विचारतो, तुमचं उचललं का? काय उचललं, कुठून, कुठे, हे कुणी सांगत नाही आणि कुणाला विचारावंही लागत नाही. सावित्री वाढायला लागली की दुकानातला खालचा माल पोटमाळ्यावर न्यायचा, याला आमच्याकडे उचलणं म्हणतात. भोंगा लावून फिरणारी रिक्षाही तेच सांगते, फक्त जरा सरकारी मराठीत. परवा सकाळी ती रिक्षा आमच्या गल्लीतून गेली आणि मी घाबरले. नदीला घाबरले म्हणावं, तर माझ्या हातात तेव्हा फोन होता आणि फोनवर शेअरचे भाव होते, सगळे लाल. त्यामुळे मी नक्की कशाला घाबरले ते मला अजून सांगता येत नाही.

आधी माणसं सांगते. दिलीप हा माझा नवरा. बाजारपेठेत त्याचं कापडाचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. मी पोलादपूरला एका लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, तपासायचं, रिपोर्ट हातात द्यायचा आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळच्या एसटीनं येते. आम्ही दोघं पुण्यात एकाच कॉलेजात होतो, म्हणून त्याला चारचौघांत अहो म्हणते आणि घरात अरे. मी मूळची घाटावरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा नदी म्हणजे पुलावरून दिसणारी गोष्ट, एवढंच मला माहीत होतं.

मग तो मोठा पूर आला. कुठला ते महाडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. पाणी पोटमाळ्याच्याही वर गेलं, म्हणजे उचललेलंसुद्धा भिजलं. ओसरल्यावर शटर वर केलं तर आधी चिखल बाहेर आला आणि त्याच्या मागून साड्या. एकीचा रंग दुसरीत उतरलेला. तागे पाणी पिऊन इतके जड झाले होते की दोघांनी धरले तरी हलत नव्हते. वासाबद्दल लिहीत नाही. ओळखीची, बिनओळखीची माणसं खराटे आणि फावडी घेऊन आली, कुणी चहा आणला, कुणी खिचडीचं पातेलं आणलं. दिलीप मात्र मांडीवर एक ओला तागा घेऊन पायरीवर बसून होता. कुणी काही विचारलं की "हं" म्हणायचा, आणि ते "हं" त्याचं वाटत नव्हतं. त्याला तसं बसलेलं मला पुन्हा पाहायचं नाही. त्या दिवशी एवढंच ठरवलं होतं आणि आजही माझं मागणं तेवढंच आहे. नफा आणि तोटा ही त्याच्यापुढची गोष्ट.

पुरानंतर दिलीप शेअरकडे वळला. त्यानं सांगितलेलं कारण असं होतं की शेअर भिजत नाहीत. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. आमच्या गल्लीत मात्र कुणी हसलं नाही. उलट दोघातिघांनी मान डोलावली आणि खातं कसं उघडतात ते विचारलं. रफिकभाई तेवढे म्हणाले, भिजत नाय तर वाळत पन नसंल. रफिकभाई तुडील गावचे. बरीच वर्षं कुवेतला काढून परत आले आणि आता टेम्पो चालवतात. आमचा माल तेच आणतात, आणि पाणी आलं की उचलायलाही तेच येतात. दिलीपला शेठ म्हणतात आणि त्याच दमात अरेतुरे करतात.

शेअर भिजत नाहीत हे खरं, पण ते घेतलेला माणूस घामानं भिजतो, हे आम्हाला लवकरच कळलं. दिलीप मुळात भित्रा नाही. पुराच्या पाण्यात छातीपर्यंत उतरून त्यानं शेजाऱ्याचं कपाट ओढून बाहेर काढलंय. पण फोनवरचा आकडा लाल झाला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. जेवण ताटात राहायचं. एकदा परकराचं कापड मागणाऱ्या बाईला त्यानं भलत्याच ताग्यातून फाडून दिलं आणि वर पैसेही कमी घेतले. भाव पडला की विकायचा, विकलेला दुसऱ्या दिवशी चढला की स्वतःवर चिडायचा, चिडून चढ्या भावात परत घ्यायचा, आणि घेतला की तो पडायचा. याला भीती म्हणायचं की राग, की हाव, तेही कळेनासं झालं. तिन्ही एकाच ताटात जेवत होती.

मग आम्ही एक व्यवस्था केली. खातं माझ्या नावावर घेतलं. रक्त काढणाऱ्या बाईचा हात थरथरून चालत नाही, तर तोच हात इथे वापरू. भीती त्याची, बोट माझं. बघायचं त्यानं, सांगायचं त्यानं, पण दाबायचं मी. सांगायचं तेही फोन करून, तोंडानं. मेसेज नाही, कारण मेसेज भीतीच्याच वेगानं जातो. आणि जेवल्याशिवाय फोन करायचा नाही. त्याचा फोन आला की मी म्हणायची, हातातलं सॅम्पल संपवते. पुष्कळदा तेवढ्यात त्याचाच पुन्हा फोन यायचा, राहू दे, नको. कितीतरी दिवस आमचं हे बरं चाललं. शेअरवाल्यांचे सल्ले सांगणारे व्हिडिओ दिलीप रोज बघतो. त्यांत भावनांवर ताबा ठेवा असं सगळेच सांगतात. आम्ही ताबा वगैरे ठेवला नाही. भावना महाडला ठेवली आणि हात पोलादपूरला, एवढंच.

हे सगळं करायचं कशासाठी, तर एका गाळ्यासाठी. महामार्गाच्या अंगाला, चढावर, पहिल्या मजल्यावर एक गाळा रिकामा आहे. कितीही पाणी आलं तरी तिथे पोचणार नाही. गाळामालक दिलीपच्या ओळखीचे. घाई नाही, जमलं की सांगा, म्हणाले होते. शेअरमध्ये ठेवलेलं सगळं त्या गाळ्याच्या नावानं ठेवलं होतं. मी एसटीनं जाताना रोज त्या इमारतीकडे बघते. तिचं शटर निळं आहे, वर एका बाजूला गंजलेलं. मला ते गंजासकट आवडतं.

गेल्या वर्षीचा आषाढ मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. खिडकीच्या गजाला टांगलेला, कधीच पुरता न वाळणारा माझा पांढरा कोट. पोलादपूर स्टँडवर भरदिवसा धुक्यात लावलेले गाड्यांचे दिवे. लॅबच्या दारात छत्र्यांचा ढीग आणि फरशीवर त्यांचं पाणी. तापाचे पेशंट इतके की बाकावर जागा नसायची. त्यांच्या घरची माणसं रोज एकच विचारायची, पेशी किती? उतरल्या म्हटलं की चेहरे पडायचे. आम्ही सांगायचो, अहो, उतरतात, दोन दिवसांनी आपोआप चढतात, घाबरू नका. आणि मधेच दिलीपचा फोन यायचा, इथे नेट नाही, किती आहे? मीही त्याच आवाजात सांगायची, उतरलाय, चढेल, घाबरू नकोस. एकदा तर त्याला भावाऐवजी पेशी म्हणाले. पण हेही तितकंच खरं की सगळ्यांच्या पेशी चढत नाहीत. ज्यांच्या चढल्या नाहीत त्यांच्या घरच्यांनाही आम्ही घाबरू नका असंच सांगितलं होतं. मग घाबरायचं नेमकं कुणी आणि कधी, हे मला इतकी वर्षं रिपोर्ट देऊनही कळलेलं नाही.

त्या आषाढात एक आठवडा असा आला की बाजार रोज पडत होता आणि नदी रोज चढत होती. थोडी रक्कम आम्ही हाताशी ठेवली होती, अडीनडीला. एका दुपारी, शेअरबाजार बंद व्हायला थोडाच वेळ उरलेला असताना, दिलीपचा फोन आला. माझ्या हातात एका ट्रकवाल्याचा दंड होता. कशेडी घाटात दरड आल्यानं त्याची गाडी अडकली होती, तोवर ताप दाखवून घेऊ म्हणून तो आला होता. मी त्याच्या दंडाला कापूस लावला आणि फोन घेतला. आधी नुसता पाऊस ऐकू आला. मग दिलीपचा आवाज, ओरडल्यासारखा.

"उचल. सगळं उचल. खाली काही ठेवू नकोस."

आणि फोन गेला. मी परत लावला, परत लावला. लागेना. महाडची वीज गेली असणार, टॉवर बसला असणार.

आता घाटावरच्या माणसाला उचल म्हणजे काय वाटेल? माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. गुळाचा भाव उतरला की ते म्हणायचे, उद्या जाऊन माल उचलतो. माझ्या माहेरी उचलणं म्हणजे घेणं. स्वस्त असताना, बाकीचे घाबरून बसलेले असताना घेणं. महाडात अर्धं आयुष्य गेलं, आषाढातलं ते क्रियापद मी स्वतः शेकडो वेळा वापरलं, आणि नेमक्या त्या क्षणी मला ऐकू आले माझे वडील. घाबरल्यावर कान माहेरी जातात की काय, कोण जाणे. खाली काही ठेवू नकोस याचाही मी अर्थ लावला, की खालच्या भावात मिळतंय ते सोडू नकोस. हाताशी होती नव्हती ती सगळी रक्कम मी घालून टाकली. बोट जरासुद्धा अडखळलं नाही. ट्रकवाल्यानं विचारलं, मॅडम, रिपोर्ट बरा हाय ना? मी म्हटलं, अहो, अजून तपासलंच नाही.

संध्याकाळी रस्ता बंद झाला, मी पोलादपूरला मैत्रिणीकडे राहिले. सकाळी रफिकभाई टेम्पो घेऊन आले आणि मला महाडला घेऊन गेले. बाजारपेठेत गुडघाभर पाणी येऊन गेलं होतं. आमचा माल सगळा वर, सुका. दिलीपच्या पोटऱ्यांना चिखल आणि चेहऱ्यावर मात्र सुटल्याचं समाधान. मला बघताच म्हणाला, बरं झालं, तू शेअरमधलं सगळं काढलंस.

काढलं नाही, घेतलं, असं मी सांगितलं.

तो गल्ल्याच्या स्टुलावर बसला. त्याचं म्हणणं, उचल म्हणजे उचल; पाणी येतंय, आहे ते बाहेर काढ. माझं म्हणणं, उचल म्हणजे घे. आम्ही दोघं अडाण्यासारखे त्या एका शब्दाला दोन्हीकडून ओढत होतो, तेवढ्यात दारातून रफिकभाई बोलले.

"शेठ, तू मला बोलत व्हतास. फोन तुझ्या कानाला व्हता, पन तू बघत माझ्याकडं व्हतास. मी गठ्ठा धरून उभा."

दिलीप खूप वेळ विचार करून म्हणाला की त्याला आठवत नाही. आणि हे मला पटलं. खोटं बोलायचं असतं तर त्यानं झटकन काहीतरी सांगितलं असतं. एका कानात नदी, दुसऱ्या कानात बाजार, आणि तोंडातून जे निघालं ते कुठल्या भीतीचं होतं हे त्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

पुढे काय झालं ते अजून विचित्र आहे. श्रावणात बाजार चढायला लागला आणि चढतच गेला. मी चुकून घेतलेल्या शेअरनी तर कमालच केली. हळूहळू दिलीपला आठवायला लागलं. आधी म्हणाला, तसं मला घे असंच म्हणायचं असेल. मग गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटताना चार लोकांत म्हणाला, मी हिला फोन करून सांगितलं, सगळे विकतायत ना, तू उचल. रफिकभाईंकडे बघून मी भुवया उंचावल्या, तर तेही म्हणाले, हो हो, फोनवरच बोलला, मी व्हतो की तिथं. लोक दिलीपला विचारायला येऊ लागले. कापड मोजता मोजता तो सांगायचा, भाव पडला की घाबरायचं नाही, मन खंबीर ठेवायचं. मी काही बोलायची नाही. बोलून काय सांगणार, की आमचं खंबीर मन म्हणजे पावसात न ऐकू आलेला एक फोन?

गाळामालकांनी तेव्हाच विचारलं होतं. जमण्यासारखं होतं, वर थोडं उरलंही असतं. दिलीप म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू, अजून चढेल. मीही नको म्हणाले नाही. भीती गेली होती ना. ती गेल्यावर किती मोकळं वाटतं हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आम्हाला हसावं.

दिवाळीनंतर उतार लागला. पटकन पडला असता तर कळलं तरी असतं. हा उतार असा, की रोज थोडं आणि मधेच एखादा दिवस वर, की पुन्हा आशा. नदीला भोंगा असतो. इथे कुणी रिक्षा फिरवत नाही. आणि पुरात बुडालेल्याकडे माणसं खराटे घेऊन येतात, शेअरमध्ये बुडालेल्याकडे कोण येणार? आम्ही कुणाला सांगितलंही नाही. लोक विचारायचे, शेठ, आता काय उचलायचं, आणि दिलीप हसून सांगायचा, थांबा जरा. घरी आला की पंख्याकडे बघत पडून राहायचा.

परवा रिक्षा फिरून गेली आणि थोड्या वेळात गाळामालकांचा फोन आला. दुसरं गिऱ्हाईक आलंय, आज सांगा, नाहीतर मी त्यांना शब्द देतो. मी रजा टाकली आणि दुकानात गेले. बाहेर पाऊस, आत रफिकभाई खालून तागे देतायत, दिलीप शिडीवर उभा राहून पोटमाळ्यावर सरकवतोय. मी खाली फोन घेऊन उभी. आहे ते सगळं विकलं तर गाळ्यापुरतं जेमतेम होत होतं. मी विचारलं, विकू? तो वरूनच म्हणाला, नको, एवढ्या खालच्या भावात कोण विकतं, चढेल. मी म्हटलं, चढेल तेव्हा गाळा नसेल. तो नुसता तागा ओढत राहिला. आमच्या ठरावाप्रमाणे त्यानं सांगितल्याशिवाय मी दाबायचं नव्हतं.

मी म्हणाले, "दिलीप, तू पायरीवर बसला होतास. ओला तागा घेऊन. मला ते परत बघायचं नाही."

"कधी बसलो होतो?" त्यानं विचारलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

मग तो शिडीवरून उतरला, माझ्याकडे हात पुढे केला आणि फोन घेतला. बोटं ओली, फोन काही केल्या ऐकेना. त्यानं विक्रीतला एक कोरा टॉवेल ओढला, घडी मोडली, एकेक बोट पुसलं आणि एकामागून एक सगळं विकून टाकलं. या वेळी दाबलं त्यानंच. मग टॉवेल खांद्यावर टाकून त्यानं गाळामालकांना फोन केला, घेतो म्हणून सांगितलं, आणि पुन्हा शिडी चढला. मला रडू आलं. रफिकभाई पाठ करून तागे मोजत उभे राहिले.

रात्री पाऊस कमी झाला. पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथून मागे फिरलं.

काल सकाळी आम्ही शटर उघडलं. फरशी लख्ख कोरडी. माल सगळा वर, त्यामुळे दुकान कधी नव्हे ते मोठं आणि रिकामं दिसत होतं. बाजार उघडला आणि आम्ही विकलं होतं ते ते सगळं चढलं. थोडंथोडकं नाही, चांगलं चढलं. गाळा आमचा झालाय, व्यवहार ठरलाय, त्या निळ्या शटरची किल्लीसुद्धा दिलीपच्या खिशात होती. आम्ही तिघं त्या कोरड्या फरशीवर बसून चहा पीत होतो. दिलीप फोनकडे बघायचा, मग उंबऱ्याकडे बघायचा, मग परत फोनकडे.

"पाणी आलं असतं तर बरं वाटलं असतं," तो म्हणाला.

रफिकभाईंनी पेला खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. महाडच्या बाजारपेठेत, भर आषाढात, दुकानात बसून असं कुणी बोलत नाही. मी त्याला गप्प करायला हवं होतं. पण सकाळपासून गल्लीच्या तोंडाकडे बघत मीही मनात तेच म्हणत होते.